समावेश समितीचा लाल दिवा

आमच्या ऑफिसात कुणाला कशाचं अध्यक्ष करायचं असेल, तर ते माणूस त्या क्षणी खोलीत नसावं लागतं. मी पाणी प्यायला गेले होते. परत आले तर सगळे टाळ्या वाजवत होते. टाळ्या चालू असल्या की मीही वाजवते, उगाच कुणाला वाईट नको वाटायला. चांगल्या दणकून वाजवून झाल्यावर कळलं की त्या माझ्यासाठीच होत्या. मी समावेश समितीची अध्यक्ष झाले होते. समितीत आणखी कोण कोण आहे, असं विचारलं तर मनुष्यबळवाले साहेब म्हणाले, "सध्या तुम्हीच, मॅडम. पुढे वाढवू."

आमची कंपनी लोखंडी कपाटं बनवते, आणि मी जिथे बसते ते खातं त्या कपाटांच्या तक्रारी निस्तरतं. दार लागत नाही, लागलं तर उघडत नाही, आणि उघडलं तर अंगावर येतं. कपाटाच्या संसारात एवढीच दुःखं, पण ती ऐकायला आम्ही अख्खं खातं बसलेलो. तक्रार आली की आमच्यापैकी एका तपासनिसाने गिऱ्हाइकाच्या घरी जायचं, कपाट बघायचं, जमेल ते जागच्या जागी दुरुस्त करायचं आणि न जमेल त्याला "मिस्त्री पाठवतो" म्हणून निघायचं.

समितीला निमित्त झाली किल्ली. किल्ली म्हणजे आमच्याकडे नव्याने लागलेली मुलगी. बारकी, टोकदार, सरळ घुसणारी, म्हणून हे नाव. तिला जन्मापासून ऐकू येत नाही. समोरून सावकाश बोललं तर ओठांवरून बरंचसं ओळखते, आणि उत्तर फोनवर लिहून आपल्या नाकासमोर धरते. भावाच्या कुलपांच्या दुकानात वाढलेली, वर रीतसर पदविका. नोकरी लागली तेव्हा भाऊ म्हणाला होता, "जा, पण तुझं स्टूल मी हलवत नाही. येशीलच परत." हे तिने मला पहिल्याच आठवड्यात लिहून दाखवलं होतं, आणि लिहिताना स्क्रीनवर बोट असं आपटलं होतं की मला त्या भावाचीच काळजी वाटली.

ती आली त्या दिवशी थाट काय वर्णावा! फुलांचा गुच्छ, फोटो, साहेबांचं भाषण. भाषण साहेबांनी कागदात बघून केलं, त्यामुळे जिच्यासाठी होतं तिला त्यांचा फक्त भांग दिसला. तो फोटो पुढे कंपनीच्या अहवालात आला, मग मोठा करून, चौकटीत घालून आमच्या हॉलच्या भिंतीवर लागला. खाली लिहिलं होतं, 'आम्ही सर्वांना सामावून घेतो.' त्यात मीही आहे. म्हणजे माझं डावं कोपर आहे. बाकीची मी चौकटीत सामावले नाही.

फोटो झाल्यावर किल्लीला खिडकीजवळची छान जागा दिली. आणि मग कुणी तिला काम दिलं नाही.

मुद्दाम नाही हो. इथे आमची कामवाटपाची पद्धत सांगायला हवी. तिला आम्ही 'पुकारा' म्हणतो. रोज सकाळी आमचे हेडसाहेब जिन्याच्या वरच्या पायरीवर उभे राहतात आणि आलेल्या तक्रारी मोठ्याने पुकारतात, "बाजारामागची गल्ली, तळमजला, बिजागरी कुरकुरते!" की खालून सगळे एकदम ओरडतात, "माझं!" ज्याचा आवाज हेडसाहेबांच्या कानात आधी शिरेल, त्याचं काम. जवळची, तळमजल्याची कामं अशी क्षणात उडतात. शेवटी उरतात ती टेकडीपलीकडची, वरच्या मजल्याची, कुत्रं असलेल्या घरची. ही पद्धत कुणी सुरू केली ते कुणालाच माहीत नाही, त्यामुळे ती बदलायची कशी तेही कुणाला सुचत नाही.

पुकाऱ्याचा अनभिषिक्त राजा म्हणजे आमचा नगारा. त्याने "माझं!" म्हटलं की खिडकीची तावदानं थरथरतात. उलट टोकाला पुटपुटे. सज्जन माणूस, पण त्यांचं "माझं" ओठांच्या बाहेर पडेपर्यंत काम संपून दुसरं सुरू झालेलं असतं. गेली कित्येक वर्षं टेकडी आणि कुत्री त्यांच्याच वाट्याला.

आणि किल्ली? ती खिडकीजवळ बसून आमच्या उघड्या तोंडांकडे बघत राही. तिची उमेदवारीची मुदत संपत आली होती. मुदतीअखेर तिच्या नावावर काम दिसलं तर नोकरी कायम, नाही तर भावाने न हलवलेलं ते स्टूल. तिच्या नावावर तोवर एक बिजागरीसुद्धा नव्हती.

घरी विषय काढला. आमचे 'हे' म्हणाले, "तू कशाला त्यात पडतेस? अध्यक्षाने काही करायचं नसतं. ते सेक्रेटरीचं काम."

"समितीत सेक्रेटरी नाहीये."

"मग तर प्रश्नच मिटला!"

सासूबाईंनी विचारलं काय झालं. त्यांना हल्ली कमी ऐकू येतं. म्हणजे आपलं बोललेलं येत नाही, आपल्याबद्दल बोललेलं येतं. मी सगळं ओरडून सांगितलं. ते भिंतीपलीकडे शेजारणीला गेलं आणि ती लगेच दारात हजर. "त्या पोरीला माझ्याकडे पाठव," ती म्हणाली. "मी समजावते. मी जरा स्पष्ट बोलते ना!" ती स्पष्ट बोलते हे आमच्या चारी मजल्यांना ठाऊक आहे. पण किल्लीला काय समजावायचं, ते तिलाही सांगता आलं नाही.

मी ठरवलं, आपण खाणाखुणांची भाषा शिकायची. रोज जेवणं उरकल्यावर फोनवर बघून आरशासमोर हातवारे. ह्यांनी एकदा दार उघडून पाहिलं आणि हळूच लावून घेतलं. बऱ्यापैकी तयारी झाल्यावर एके दिवशी सगळ्यांच्या देखत किल्लीपुढे उभी राहिले आणि 'तुझं मनापासून स्वागत आहे, काही लागलं तर सांग' एवढं सगळं दोन्ही हातांनी सादर केलं. सगळे थक्क झाले. हेडसाहेबांनी "वा!" म्हटलं. किल्लीने फोन काढला.

'ताई, मान आखडलीय का?'

मी शिकले होते ती भलत्याच देशाची खुणांची भाषा निघाली. प्रत्येक देशाची वेगळी असते म्हणे. मला वाटायचं हात सगळीकडे सारखेच.

दुसरा उपाय म्हणजे मी माझ्या वाट्याची एक तक्रार गुपचूप तिच्या टेबलावर ठेवली. दुपारी ती तक्रार माझ्या टेबलावर परत. वर लिहिलेलं, 'उष्टं नको.' मला इतकं लागलं! चांगलं जवळचं काम होतं, मी अजून तोंडसुद्धा लावलं नव्हतं.

मग मला दिव्याची कल्पना सुचली. पुकारा सुरू झाला की किल्लीच्या टेबलावर दिवा लागावा, म्हणजे तिला कळेल. केवढीशी गोष्ट! एक दिवा, एक वायर, एक बटण. इमारतीचा इलेक्ट्रिशियन म्हणाला, "बाई, मी आत्ता लावतो, पण सुरक्षा कचेरीची परवानगी आणा." सुरक्षा कचेरी म्हणाली, दिव्याचा रंग कोणता ते ठरवून या. लाल आगीसाठी राखीव, हिरवा बाहेर पडायच्या दारासाठी, पिवळा लिफ्ट बंद पडल्यावर. "मग उरलं काय?" मी विचारलं. "निळा," ते म्हणाले. "पण निळ्याला डास मारायचं यंत्र समजतात लोक. त्यासाठी आरोग्य विभागाचा शेरा लागेल." मी आरोग्य विभागात गेले. तिथल्या बाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे डास किती आहेत?"

परवानगी आली. पण निळा दिवा दुकानात नव्हता. इलेक्ट्रिशियन म्हणाला, "तात्पुरता लाल लावतो, कुणाला कळतंय!"

सगळ्यांनाच कळलं. सकाळी हेडसाहेबांनी बटण दाबलं, लाल दिवा पेटला, आणि दारात उभ्या असलेल्या नव्या पहारेकऱ्याने त्याला शिकवलं होतं ते तंतोतंत केलं. भोंगा वाजला, लिफ्ट थांबली, सगळे मजले जिन्याने खाली रस्त्यावर. आमचे मोठे संचालक एका पायात बूट आणि दुसऱ्या पायात नुसता मोजा अशा अवस्थेत फुटपाथवर उभे होते. कुणीतरी त्यांच्या कानात सांगितलं की ही समावेश समितीची कारवाई आहे. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी वर बघितलं, जणू धूर शोधतेय. भोंग्याचा पत्ता नसलेली किल्ली, सगळे कामांवरच पळाले असं समजून, वर खिडकीतच बसून होती. शेवटी मीच धापा टाकत परत वर गेले तिला आणायला. आग खरी असती तर काय, हा विचार मला जिन्याच्या मध्यावर आला आणि उरलेल्या पायऱ्या मी दोन-दोन करत चढले. आगीची सोय करणाऱ्यांनाही कुणी ऐकू न येणारं असेल हे सुचलं नव्हतं, आणि समितीला तर नव्हतंच.

खाली येऊन आम्ही दोघी फुटपाथच्या कठड्यावर बसलो. तिने लिहिलं, 'दिवा कशाला?'

मी तोंड तिच्याकडे करून सावकाश सांगितलं. पुकारा सुरू झालेला तुला कळावा म्हणून.

'तो मला असाही कळतो. तुमची सगळ्यांची तोंडं उघडतात. तोंडांतून काय बाहेर पडतं ते दिव्याने कसं कळणार?'

परवानग्या काढण्याच्या नादात हे मनात आलंच नव्हतं.

'ताई, तुम्ही खुणा शिकलात, काम आणून ठेवलंत, दिवा लावलात. मला काय हवं ते एकदा तरी विचारलंत?'

मी चष्मा नाकावर सरकवला आणि उसासा टाकला. ती हसली. मग तिने मला दाखवलं की आम्हा सगळ्यांना तिने खुणांची नावं ठेवली आहेत. नगाऱ्याचं नाव म्हणजे तोंडासमोर फाकलेला पंजा. हेडसाहेबांचं, पोटावरून वर ओढलेला पट्टा. आणि माझं नाव म्हणजे एका बोटाने नाकावर चष्मा सरकवायचा आणि खांदे पाडून उसासा टाकायचा. "मी काही एवढे उसासे टाकत नाही," मी म्हटलं, आणि तोंडातून तो निघालाच.

"बरं बाई," मी म्हटलं, "विचारते. काय हवंय तुला?"

'ओरडणं बंद करा.'

एवढंच. ना वायर, ना परवानगी, ना डास. तक्रारी चिठ्ठ्यांवर लिहायच्या, फळ्यावर टाचायच्या, आणि ज्याला जी हवी ती त्याने हाताने काढून घ्यायची.

हेडसाहेब ऐकून असे चमकले की जणू मी त्यांना जिन्यावरून ढकलून द्यायला निघाले होते. "पुकारा बंद? अहो, मग सकाळी मी करायचं काय?" नगारा म्हणाला, "ताई, उद्या तुम्ही पक्ष्यांनाही चिठ्ठ्या लिहायला सांगाल!" आठवडाभर करून बघू, असं ठरलं. तेही बहुधा मला उद्देशून संचालकांच्या केबिनमधून 'पुन्हा भोंगा नको' असा निरोप आला होता म्हणून.

पहिल्या दिवशी हॉलमध्ये अशी शांतता पसरली की शेजारच्या हिशेब खात्यातून माणूस हळूच आत आला आणि हात जोडून विचारू लागला, "कोण गेलं?"

आणि मजा झाली. पुटपुटे उठले, फळ्यापाशी गेले, बाजारामागच्या गल्लीची चिठ्ठी काढली आणि खिशात घातली. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा! दुपारी परत आले तेव्हा चेहऱ्यावर असं तेज की मी विचारलं, काय झालं. "घरी जाऊन जेवून आलो," ते म्हणाले. गंमत म्हणजे ते मला नीट ऐकू आलं.

नगाऱ्याचं मात्र बिनसलं. तो फळ्यासमोर उभा राही, मान मागे घेई, चिठ्ठी हातभर लांब धरी आणि नेमकी टेकडीपलीकडची घेऊन जाई. कुत्र्याने त्याच्या पँटचा पाय फाडला तेव्हा तो तणतणत माझ्यापुढे येऊन बसला. "ही कसली समावेश समिती? माझा समावेश कुठंय?"

"अरे, तुला काय झालंय?"

त्याने इकडेतिकडे बघितलं आणि चक्क कुजबुजला. त्याची कुजबूज म्हणजे आपलं साधं बोलणं, त्यामुळे सगळ्यांनी ऐकली. "जवळचं दिसत नाही हो. चष्मा लावला तर बायको आजोबा म्हणेल."

मला शहाणपण आलं होतं. मी विचारलं, "काय हवंय तुला?"

"मोठी अक्षरं."

मोठ्या अक्षरांना मोठ्या चिठ्ठ्या आल्या, मोठ्या चिठ्ठ्यांना मोठा फळा आला, आणि मोठ्या फळ्याला भिंत पुरेना. भिंतीवर होता आमचा फोटो. 'आम्ही सर्वांना सामावून घेतो.' तो काढल्याशिवाय फळा बसत नव्हता.

मनुष्यबळवाले साहेब धावत आले. "मॅडम, तो काढता येणार नाही! तो म्हणजे आपलं समावेशाचं काम आहे!"

"आणि हा फळा?"

"हा फळा आहे."

चौकट कंपनीच्या मालमत्तेत नोंदलेली, तिची जागा बदलायला तीन सह्या. मी त्या आणल्या. एव्हाना मला सह्यांची चटकच लागली होती. फोटो शेवटी पाण्याच्या टाकीपाशी गेला. तिथे माझं कोपर नळाच्या अगदी वर येतं. लोक पेला भरताना त्याच्याकडे बघतात. असो.

किल्लीने सरळ एकामागून एक चिठ्ठ्या घ्यायला सुरुवात केली. चटकन उठायची, वाचायची, जवळची उचलायची. लाज, संकोच, 'आधी तुम्ही घ्या' वगैरे काही नाही. तिचं काम फर्मास होतं. आणि मग एके दिवशी तिने घोळ घातला.

तक्रार होती वरच्या मजल्यावरच्या बाईंची. कपाट बंद, नवऱ्याच्या सगळ्या पँटी आत, आणि नवऱ्याला मुलाखतीला जायचंय. किल्ली घाईत जिना चढली आणि दारावरची पाटी न बघताच समोरच्या घरात शिरली. तिथल्या आजोबांकडेही आमचंच कपाट, तेही कधीचं अडलेलं. तिने ते उघडून दिलं. आजोबांना आपल्या तरुणपणीचा कोट सापडला, ते घालून मिरवू लागले, तिला चहा दिला. आणि समोरच्या घरात तो भला माणूस टॉवेल गुंडाळून येरझाऱ्या घालत होता. मुलाखत हुकली.

बाईंनी ऑफिसात येऊन आकाशपाताळ एक केलं. त्या गेल्यावर हेडसाहेब तोंड उघडणार, एवढ्यात मनुष्यबळवाले साहेब पुढे झाले. "जाऊ द्या, जाऊ द्या. बिचारीला ऐकू येत नाही. आपण समजून घ्यायला हवं." आणि तिच्याकडे बघून असे हसले, जसं आपण आजारी माणसाच्या उशाशी हसतो.

किल्लीचे कान लाल झाले. तिने फोनवर लिहिलं आणि पार साहेबांच्या चष्म्याला टेकेल इतका जवळ नेला.

'चूक डोळ्यांची आहे. पाटी वाचली नाही. कानांवर ढकलू नका.'

हेडसाहेबांनी पट्टा वर ओढला, तिच्या समोर जाऊन उभे राहिले, एकेक शब्द स्वच्छ उच्चारत म्हणाले, "पाटी. वाचता. येत नाही? गिऱ्हाइकाला टॉवेलवर ठेवतेस? लाज वाटते का?" असं बरंच. ती सगळं वाचत उभी राहिली. मधेच तिने बोट वर केलं, 'शेवटचं वाक्य परत सांगा, तुम्ही मान वळवली होती.' त्यांनी परत सांगितलं, तेवढ्याच रागाने. मला रडू यायला लागलं. आमच्यापैकी प्रत्येकाने ही बोलणी खाल्ली आहेत. तिला एवढ्या महिन्यांत पहिल्यांदा मिळत होती.

पण मुदत तर संपत आली होती, आणि घोळ नेमका ताजा. कायम करायचं की नाही ते ठरवायला साहेबांच्या खोलीत बैठक झाली. साहेब, हेडसाहेब, अध्यक्ष म्हणून मी, आणि समोर किल्ली. तिचे हात मांडीवर घट्ट धरलेले.

साहेब गोड आवाजात म्हणाले, "झाला तो प्रकार विसरू. मी मार्ग काढलाय. आपण तिच्यासाठी खास पद निर्माण करू, समावेश दूत! नोकरी कायम. तक्रारींची दगदग नाही. पाहुणे आले की भेटायचं, फोटोला उभं राहायचं."

किल्लीने सगळं ओठांवरून वाचलं होतं. तिने लिहिलं, 'म्हणजे खिडकीजवळ बसायचं.'

"मोठी खिडकी देऊ की!" साहेब म्हणाले.

मी तिच्याकडे बघितलं. कायमची नोकरी समोर ठेवलेली, नुसतं हो म्हणायचं. भावाचं तोंड बंद. तिचा अंगठा स्क्रीनवर नुसताच थांबला होता. मग तिने लिहिलं, 'नको. तपासनीस म्हणून ठेवा, नाही तर जाते.' फोन टेबलावर ठेवला, पण हात त्याच्यावरच राहिला.

साहेब हेडसाहेबांकडे वळले. "तपासनीस म्हणून काय मत आहे तुमचं?"

हेडसाहेब जणू वाटच बघत होते. "मत? अहो, जीव नकोसा केलाय हिने! जवळच्या चिठ्ठ्या माझं टाचून व्हायच्या आत पळवते. मी लिहिलेल्या पत्त्यांत चुका काढते. परवा मी चिठ्ठी टाचत असताना हिने फोनवर लिहून दाखवलं, अक्षर सुधारा! त्या टॉवेलवाल्याकडे मला स्वतः जाऊन माफी मागावी लागली. काही सांगायला जावं तर दोन वाक्यं जास्त ऐकवते, आणि ती मला चष्मा लावून वाचावी लागतात!"

साहेबांचा चेहरा पडला. "म्हणजे... कायम नको?"

"कोण म्हणालं नको?" हेडसाहेब भडकले. "आता कुठे कामाला लागलीय! तिला पाहुण्यांसमोर उभी करता आणि टेकडीवर कोण, तुम्ही जाणार? तपासनीस म्हणून कायम करा आणि मोकळे व्हा."

साहेबांनी पेन काढलं. "शेऱ्यात काय लिहू?"

"लिहा, इतरांसारखीच आहे."

मला वाटलं, ह्याहून सुंदर वाक्य ह्या इमारतीत आजवर कुणी बोललं नसेल. मी पुसायला चष्मा काढला. किल्ली मात्र पुढे वाकून उलटा कागद वाचत होती. तिने फोन सरकवला. 'इतरांपेक्षा बरी, असं लिहा.'

"हे कुणी ठरवलं?" हेडसाहेब.

तिने स्वतःकडे बोट दाखवलं. मग दोघांची जुंपली. ते सावकाश, शब्द तोडून, ती भराभर लिहून. साहेब टेनिस बघावं तसे इकडून तिकडे बघत राहिले. शेवटी हेडसाहेबांनी कागद ओढून स्वतःच लिहिलं, मोठ्या अक्षरांत: 'इतरांसारखीच. वाद जास्त घालते.' आणि तिच्यापुढे टाकला.

तिने ते दोनदा वाचलं. थोडा विचार केला. मग पेन घेऊन खाली सही केली, आणि कागद परत देण्याआधी 'जास्त'खाली एक ठळक रेघ ओढली.